मामाजी समोर असताना

सातव्या महिन्यात आमच्या सुनेचं, रुचिताचं, बीपी लाखनीच्या दवाखान्यात एकशे बावन्न निघालं. मागच्या वेळी दाखवलं तेव्हाही तेवढंच होतं. लघवीची तपासणी चांगली, सूज नाही, डोकेदुखी नाही.

"काही जणींचं आमचा पांढरा कोट पाहूनच चढतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजा. घरी बरोबर आलं तर बाळंतपणाला माहेरी जाऊ दे. घरीही चढलेलंच असलं, तर गोळ्या सुरू करू आणि शेवटचा महिना भंडाऱ्याला, मोठ्या दवाखान्याजवळ."

रुचिताचं माहेर आंबागडला. पहिलं बाळंतपण आईजवळ, हे तिने लग्नाआधीपासून मनात धरलेलं. तिने नुसते डोळे पुसले.

आमचा प्रफुल्ल चिखल्याच्या खाणीत नोकरीला, घरी येतो तो सुट्टीच्या दिवशी. माझी बायको लीलाबाई विकत आणलेल्या बीपीच्या मशीनला हात लावायला तयार नव्हती. उरलो मी. आयुष्यभर वाचनालयात नोकरी केली, त्यामुळे मशीनसोबतची पुस्तिका दोनदा वाचली आणि शंका आली म्हणून तिसऱ्यांदाही वाचली. पाठ टेकलेली हवी, पाय जमिनीवर हवेत, आधी पाच मिनिटं शांत बसायचं. घरात पाठीची खुर्ची एकच, माझी. तिच्यावर रुचिताला बसवलं आणि दंडाला पट्टा बांधायला मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो. पाच मिनिटं दोघंही भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होतो.

एकशे अठ्ठेचाळीस.

माझंच काही चुकलं असेल, असं वाटून पट्टा पुन्हा बांधला. एकशे पन्नास. तीन दिवस असंच चाललं. आकडे मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो आणि तिकडे रुचिता अर्ध्या जेवणातून उठायला लागली.

चौथ्या दिवशी मला हयातीच्या दाखल्यासाठी भंडाऱ्याला जावं लागलं. संध्याकाळी परत आलो तर वहीत दोन नवे आकडे. एकशे सोळा, एकशे चौदा.

"पट्टा नीट बांधला नसशील," मी लीलाबाईला म्हणालो.

"मी नाई बांधला. तिनंच बांधला, पुस्तकात पाहून पाहून. मी तिकडे लसूण सोलून राहिली होती."

"मग मशीन बिघडलं असेल."

"मशीन नाई बिघडलं. अवो, तीन वर्षं झाले, तुमी घरात आले का पोरगी ताडकन उभी राहते. अन् तुमी तिले खुर्चीवर बसवता, सोता तिच्या पायाजवळ बसता! बीपी चढन नाई त काय उतरन?"

"मी तिला कधी उभी राहा म्हटलं?"

"बस तरी कधी म्हटलं?"

स्वयंपाकघराच्या दारातून रुचिता दबक्या आवाजात म्हणाली, "मामाजी, तुमी पेन घेऊन समोर बसले का मले वाट्टे, परीक्षेचा पेपर वाटून राहिले."

आणि हसली. लीलाबाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

तेव्हापासून मोजायची वेळ झाली की मी चौकात फेरी मारायला जाऊ लागलो. आकडा एकदाही एकशे वीसच्या वर गेला नाही. "ते पहिलं पान फाडून टाका," असं लीलाबाईने दोनदा सुचवलं. फाडायचं धैर्य झालं नाही आणि ठेवल्यावर झोप येईना.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. "हे तीन दिवस काय झालं होतं?"

रुचिताने माझ्याकडे पाहिलं. तिचं आंबागड आता माझ्या तोंडावर अवलंबून होतं, आणि ते तोंड अनोळखी माणसांसमोर सहसा उघडत नाही.

"ते... तेव्हा मोजायला मी होतो," मी कसाबसा म्हणालो. "म्हणजे सासरा. तिच्या पायाशी बसून."

डॉक्टरीणबाई टेबलावर हात टेकून हसल्या. पण नुसत्या हसण्यावर भागवलं नाही. आमचं मशीन त्यांनी आपल्या मशीनशी दोनदा ताडून पाहिलं. मग बजावलं, "रोज मोजायचं. दर आठवड्याला तिथल्या आरोग्य केंद्रात दाखवायचं. वरचा आकडा एकशे पस्तीसच्या पुढे गेला, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कबूल असेल तर जा. मशीन सोबत न्या, मामाजींना इकडेच ठेवा."

बाहेर व्हरांड्यात येताच रुचिताने फोन लावला.

"आई! मी येऊन राहिली वं!"

रांगेतल्या बायका वळून पाहू लागल्या. तीन वर्षांत तिचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.