आप्पांचा डोळा आणि चंद्रीचा पाडवा

माझे सासरे मष्णूआप्पा एकाच डोळ्यावर संसार रेटत आलेत. डावा डोळा लहानपणीच्या एका दिवाळीत गेला. पेटवलेला फटाका वाजला नाही म्हणून हे वाकून बघायला गेले, आणि तेवढ्यात तो वाजला. उरलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, तरी ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना शेतातली कामं आठवायची.

यंदा मात्र दिवाळीच्या तोंडावर आपणहून म्हणाले, "नीलम, डोळ्याचं करून टाकूया गं. पाडव्याला चंद्री नीट दिसाय पायजे."

चंद्री म्हणजे आमची म्हैस. आमच्या पिरनवाडीत पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. पुढे मोटारसायकल, मागच्या सीटवर मालक, आणि दोरी न लावता केवळ त्याच्या हाकेवर मागून धावत येणारी म्हैस. जिची धाव चांगली तिच्या मालकाचा रुबाब वर्षभर टिकतो. आप्पांचा आजवर कधी उतरलाच नव्हता.

विळ्याला धार लावून आणायची आणि लगेच कापणीला लागायचं, तसंच डोळ्याचंही असतं अशी त्यांची समजूत. डॉक्टरांनी ऑपरेशन झाल्यावर ती मोडून काढली. "धूळ नको, धूर नको, डोक्यावरून पाणी नको, डोळा चोळायचा नाही. एकच डोळा आहे, बिघडला तर मलाही काही करता येणार नाही."

"आणि पाडवा?" आप्पांनी विचारलं.

"तो घरात बसून साजरा करा."

बेळगावहून घरी येईपर्यंत आप्पा बोटांवर पाडव्याचे दिवस मोजत होते. मी खडेबाजारातल्या कापडदुकानात नोकरी करते. ऐन दिवाळीत सुट्टी मागून मालकांची बोलणी खाल्लेली मी! त्यामुळे मलाही त्यांचा फार पुळका आला नाही. काळा चष्मा उतरवला की मी ओरडायचे, औषधाचे थेंब चुकले की ओरडायचे. नरकचतुर्दशीला गळ्याखालूनच आंघोळ करायला लावली, तर "असली बिनतेलाची दिवाळी बघायची पाळी आली" म्हणून दुपारपर्यंत फुगून बसले.

पाडव्याला मी त्यांना चष्म्यासकट गच्चीवर खुर्चीत बसवलं. खाली माझे यजमान महादेव चंद्रीला घेऊन उभे. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्याला मोरपिसं. यंदा हाक मारायचं काम महादेवकडे आणि गाडी चालवायचं शेजारच्या साईराजकडे.

साईराजने गाडी पुढे घेतली. मागे बसलेल्या महादेवने घसा फोडून हाक मारली. चंद्री जागची हलली नाही. दुसऱ्यांदा मारली. तिने शेपटीने माशी हाकलली. रस्त्याकडेची माणसं हसायला लागली.

आप्पा ताडकन उठले. "माझ्याबिगर न्हाय पळायची ती. सोड मला."

खाली धूळ उडत होती, कोपऱ्यावर फटाक्यांची माळ लागली होती. मी जिन्याच्या दारात आडवी उभी राहिले. "आप्पा, ह्या धुळीत डोळा गेला तर उद्या चंद्री काय, माझं तोंडसुद्धा दिसणार नाही तुम्हाला."

"त्ये ऱ्हाऊ दे. सर बाजूला."

खरं सांगते, मला भीती वाटली. सासऱ्यांचा हात धरून मागे ओढायची वेळ येईल असं वाटलं. तेवढ्यात खालून माझ्या सासूबाईंचा, शालूआत्तींचा आवाज आला. "उतर रं महादेवा. रोज धार काढतो आम्ही, आणि हाका मारणार तुम्ही?"

आत्तींनी पदर खोचला, साईराजच्या मागे बसल्या आणि हाक दिली, "चंद्रेऽऽ, ये गं बाय माझी!"

चंद्रीने मान वर केली आणि अशी उधळली की बघणारे दोन्ही बाजूंना पांगले. गाडी पुढे, चंद्री मागे, आणि आत्ती मागे वळून हाका मारतायत, हसतायत. त्यांची नऊवारी फडफडत होती. एवढं मोकळं हसताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. शिट्ट्या वाजल्या, टाळ्या पडल्या, वेशीपर्यंत सगळा रस्ता आत्तींच्या नावाने ओरडत होता.

आप्पा कठड्याला धरून उभे होते. चष्म्याखालून गालावर पाणी ओघळत होतं. त्यांचा हात खांद्यावरच्या टॉवेलकडे गेला तशी मी किंचाळले, "चोळू नका!"

त्यांनी हात खाली घेतला. मी स्वच्छ कापूस आणून फक्त गाल टिपला. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, पण माझे दोन्ही धडधाकट, मी खुशाल पदराने पुसले.

"बघितलं ना? कशी पळाली चंद्री?" मी विचारलं.

आप्पा अजून रस्त्याच्या टोकाकडेच बघत होते.

"म्हशीकडं कोण बघालंय गं," ते म्हणाले.