बिनराखेची आग

वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तसे लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढले, तेही भरले तेव्हा भिंतींना चिकटले. बायकांनी डोक्याला रुमाल बांधले होते. पुरुषांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. दारापाशी एकजण भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया विकत होता आणि त्याचा धंदा जत्रेसारखा चालला होता. आमच्या डॅन्यूबकाठच्या गावात एवढी माणसं एका जागी गेल्या कित्येक वर्षांत जमली नव्हती. जमणार कुठून? तरुण सगळे स्पेनला नाहीतर जर्मनीला. मागे उरलेले म्हातारे आणि त्यांची दुखणी. त्या दुखण्यांची डॉक्टर मी, रुसाना. माझ्या दवाखान्यात सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं, म्हणून मीही तिथेच येऊन उभी राहिले होते.

मंचावर संतांची मोठी तसबीर, खाली पायापर्यंत भरजरी कापड सोडलेली चौकट, पुढे तांब्याची परात आणि परातीशेजारी बंधू पांतेलेय. काळा झगा, छातीवर रुळणारी दाढी. कुठल्या मठाची दीक्षा, हे आमच्या पाद्रीबुवांनी त्याला एकदा विचारलं होतं. "आकाशाच्या मठाची," असं उत्तर मिळालं. लोकांना ते फार आवडलं.

"कागद!" पांतेलेय गरजला. "कागद म्हणजे काय, माझ्या भावंडांनो? तुमच्या नावाच्या घशात अडकलेला गळ! दवाखान्याचा कागद म्हणतो, तू आजारी. पेन्शनचा कागद म्हणतो, तू भिकारी. कोर्टाचा कागद म्हणतो, तू भांडकुदळ. आणि तुम्ही हे सगळं कपाटात घडी घालून, वर सुगंधी साबण ठेवून जपता! सापाची अंडी उबवता! शाप माणसाला शोधत नाही, शाप नाव शोधतो. नाव जिथे लिहिलंय तिथे तो घर करतो!"

मग त्याने एकेकाला पुढे बोलावलं. त्या दिवशी माझी शेजारीण वेलिच्काकाकू गेली. सत्तरी ओलांडलेली, कापड गिरणीत आयुष्य काढलेली बाई. नवरा त्सान्को दोन हिवाळ्यांपूर्वी वारला, मुलगी इस्क्रा स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली.

पांतेलेयने डोळे मिटले. "बाई, तुझ्या उजव्या डोळ्यापुढे धुकं आहे. घरातला पुरुष पोटाच्या दुखण्याने गेला. मुलगी दूर आहे, उन्हाच्या देशात. आणि तुझ्या घरावर नणंदांची नजर आहे."

"देवा!" काकूने दोन्ही हात जोडले. सभागृहभर क्रूस काढणारे हात हलले.

त्याने तिच्या कागदांचं बोचकं नक्षीच्या टॉवेलात गुंडाळलं, तसबिरीपुढे गुडघे टेकले, चौकटीला कपाळ लावून पुटपुटला, उठला आणि बोचकं परातीत सोडून त्याला मेणबत्ती लावली. भक्कन ज्वाळा उठली, छताएवढी वाटली, आणि विझली. धूर नाही, वास नाही. त्याने परात उचलून सगळ्यांना दाखवली. चकचकीत, रिकामी.

"राख कुठे आहे?" तो ओरडला. "पापच उरलं नाही, तर राख कुठून उरेल!"

बायका रडायला लागल्या. माझ्या शेजारी उभा असलेला दोब्री मेकॅनिक, जो एरवी देवालाही पुरावा मागायचा, तोही म्हणाला, "डॉक्टर, हे काही साधं नाही हं."

मला एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. हे कागद त्याच्याकडे त्याच दिवशी आले नव्हते. गुरुवारी द्यायचे आणि रविवारी जाळायचे, असा त्याचा नियम होता. मधले दिवस म्हणे ते प्रार्थनेत राहायचे. डोळ्याचा रिपोर्ट, त्सान्कोचे इस्पितळाचे कागद, इस्क्राची स्पेनची पाकिटं, नणंदांनी लावलेल्या दाव्याची नोटीस. एवढं सगळं तीन रात्री वाचायला मिळाल्यावर मीही डोळे मिटून तेच सांगितलं असतं.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी मी काकूच्या स्वयंपाकघरातच होते. ती ढोबळ्या मिरच्या आणि टोमॅटोची चटणी घोटत होती आणि टेबलावर कागद पसरले होते. एक डाव सांडला तो नेमका घराच्या खरेदीखतावर.

"काकू, खरेदीखत कशाला देता?"

"अगं, घर सरकारदरबारी नोंदलेलंच आहे की. हा कागद गेला म्हणून घर जातंय होय? बंधू म्हणाले, नणंदांची जीभ ह्याच कागदाला चिकटलीय." तिने फडक्याने डाग पुसला, तो आणखी पसरला. "आणि बघ, हे पण लिहायचंय. कोऱ्या कागदावर पूर्ण नाव, नागरिक क्रमांक आणि नेहमी करतो तशी सही, कागद भरेपर्यंत. म्हणजे आगीला माणूस ओळखू येतो."

"आगीला सही वाचता येते?"

"तुझी चेष्टा झाली की सांग, मग मी कागद द्यायला जाते."

"त्सान्कोकाकांचे रिपोर्ट तरी राहू द्या. मी स्वतः लावून दिलेत ते."

"तुझ्या रिपोर्टांनी तो वाचला का?"

मी रिपोर्ट नीट जुळवून बोचक्यात ठेवले.

हिवाळा गेला. मार्चच्या सुरुवातीला, सगळ्यांच्या मनगटांवर वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे असताना, सकाळी काकूच्या फाटकापाशी गाडी थांबली. एक परका माणूस, एक कुलूपवाला आणि सोबत कोर्टाचा अंमलदार. मी धावत गेले तोवर काकूची पीठ मळायची परात आणि त्सान्कोचा फोटो अंगणात आले होते.

"बाई, घर मी विकत घेतलंय," परका माणूस म्हणाला. तो काही गुंडासारखा दिसत नव्हता. अवघडला होता बिचारा. "ज्याच्याकडून घेतलं त्याने दुसऱ्याकडून घेतलं होतं, आणि त्याला तुम्ही विकलंत. सगळं रीतसर आहे. कोर्टाच्या नोटिसाही तुम्हाला पोचल्यात, पोच दिल्याच्या तुमच्या सह्या आहेत."

"मी? मी तर आळीच्या बाहेरसुद्धा गेले नाही!"

"तुमचं मुखत्यारपत्र आहे."

माझा शाळेतला मित्र ओग्न्यान वकिली करतो. त्याने नोंदणी कार्यालयातून सगळ्या कागदांच्या प्रती काढल्या. दूरच्या एका शहरात कुणी एक म्हातारी वेलिच्का म्हणून मुखत्यारपत्र करून द्यायला नोटरीसमोर उभी राहिली होती. नाव बरोबर, क्रमांक बरोबर, ओळखपत्र बनावट. सही मात्र हुबेहूब काकूची, पहिल्या अक्षराला लांब शेपटी असलेली. नमुना म्हणून त्या ठगांना सह्यांनी भरलेला अख्खा कागद मिळाला होता.

"आणि हे बघ, रुसाना," ओग्न्यान म्हणाला. "विक्रीला जोडलेलं खरेदीखत."

झेरॉक्सवर मधोमध एक काळा ओघळ होता, फडक्याने पसरवलेला. तो डाग पडताना मी समोर होते. आणि तो कागद जळताना अख्खं गाव समोर होतं.

काकूला ते पटेना. तोवर ती माझ्या घरी राहायला आली होती, खाटेच्या काठावर बसून दिवस काढायची.

"अगं, मी डोळ्यांनी बघितलंय जळताना!"

"तुम्ही आग बघितलीत, काकू. कागद नाही बघितलात."

"बंधूंना ह्यात ओढू नकोस. तुझा विश्वास नव्हता ना, म्हणून शाप फिरला." ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

पोलीस निरीक्षक म्हणाला, "कागद बाईंनी स्वतःच्या हाताने दिले. ते जाळल्याचे शेकडो साक्षीदार आहेत. न जाळल्याचा एक तरी आणा."

मी दवाखान्यात येऊन बसले. समोरच्या रिपोर्टांना सवयीने स्टेपलरच्या पिना मारत होते. दोन पिना मारल्या आणि हात थांबला. कागद जळतो, हे कबूल. राख दैवी कृपेने नाहीशी होते, हेही घटकाभर कबूल. पण त्सान्कोच्या रिपोर्टांना मी पिना मारल्या होत्या. मेणबत्तीच्या आगीत लोखंड कधीपासून जळायला लागलं? परात रिकामी कशी होती?

पांतेलेय आता गावोगाव फिरत होता, पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवार ते रविवार, आमच्याकडे यायचाच. त्याला वाटत होतं, काकूचं घर आणि त्याची आग यांचा संबंध कुणी जोडणार नाही. कुणी जोडलाही नव्हता. गुरुवारी मी माझं बोचकं दिलं. त्यात जुने कागद होते, प्रत्येक कागदाला पिना होत्या आणि मधे घडी घातलेली एक्स-रेची फिल्म.

रविवारी त्याने मला हात पसरून बोलावलं. "बघा! विज्ञानसुद्धा शेवटी गुडघ्यावर येतं!"

टाळ्या पडल्या. टॉवेल, चौकटीपुढे गुडघे, कपाळ, पुटपुटणं, मेणबत्ती. भक्क! परात रिकामी.

"बंधू, ती परात जरा मला द्या," मी म्हणाले.

"कशाला, बहिणी?"

"माझ्या पिना शोधायच्यात."

कुणीतरी हसलं. मी परात तिरपी करून लोकांना दाखवली. "माझ्या बोचक्यात मूठभर लोखंडी पिना होत्या. एक्स-रेची फिल्म होती, ती पेटवली तर हे सभागृह धुराने रिकामं करावं लागेल. आगीने पाप खाल्लं, ठीक. लोखंडही खाल्लं?"

"श्रद्धेच्या आगीत सगळं—"

"मग आता श्रद्धेशिवाय जाळते." मी पर्समधून दवाखान्याचा एक जुना कागद काढला, पिनांसकट, आणि पेटवला. तो हळूहळू जळला. काळा झाला, वळला, धुराने पुढची रांग खोकायला लागली. परातीत राखेच्या पापुद्र्यांत दोन पिना तशाच पडल्या होत्या. मग मी दुसरा कागद काढला. तो राजधानीतून, सोफियातल्या जादूच्या सामानाच्या दुकानातून आणला होता. आम्लांची प्रक्रिया करून वाळवलेला असतो, जादूगार वापरतात. मेणबत्ती लावली. भक्क! ना धूर, ना राख.

पांतेलेयने माझ्याकडे बोट रोखलं. "ही बाई सैतानाची—"

"थांब की," दोब्री मेकॅनिक मंचावर चढला. त्याने चौकटीचं भरजरी कापड वर केलं. आत फळी होती. फळीवर तयार बोचकी, जादूच्या कागदाची, एकसारखी बांधलेली. आणि खालच्या पेटीत त्या आठवड्यात लोकांनी दिलेली खरी बोचकी. सगळ्यात वर माझं, एक्स-रेची फिल्म बाहेर डोकावत असलेलं. गुडघे टेकून कपाळ लावताना हातातलं बोचकं पेटीत जायचं आणि फळीवरचं टॉवेलात यायचं. चमत्कार म्हणायचा तो एवढाच.

"माझे कागद कुठायत? मागच्या वर्षीचे?" एक बाई किंचाळली. मग सगळेच ओरडू लागले. दोब्रीने पांतेलेयची दाढी धरली होती. मधल्या काळात दोब्रीनेही कागद दिले होते, आणि त्याच्या नावावर कुठे कुठे पाच फोनची कनेक्शनं चालू आहेत, हे त्याला पुढे कळायचं होतं. माझ्या आग्रहावरून मागच्या रांगेत साध्या कपड्यांत येऊन बसलेला निरीक्षक पुढे आला नसता, तर पांतेलेयचं काही खरं नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पांतेलेयला शिक्षा झाली. पण त्याच्याकडून कागद घेणारे सापडले नाहीत. नोटरीसमोर उभी राहिलेली म्हातारीही सापडली नाही. घराचा खटला कित्येक वर्षं चालला, आणि शेवटचा खरेदीदार प्रामाणिक होता म्हणून घर त्याच्याकडेच राहिलं. माझ्याकडे राहायचा काकूला संकोच वाटू लागला आणि ती जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात गेली.

मी तिच्यासाठी बनित्सा, पनीर घालून भाजलेली पापुद्र्यांची पोळी, घेऊन जायचे. एकदा तिने खाता खाता विचारलं, "एक सांग, डॉक्टर. माझ्यासारख्या म्हातारीच्या नावाचं कुणी काय करणार होतं? ना शिक्षण, ना पैसा. त्या नावाला कोण विचारतं?"

"तुम्हाला असं वाटतं, हेच त्यांना हवं होतं, काकू."

तिने हातातला तुकडा बशीत ठेवला. "मला वाटायचं, चोर घरात शिरून चोरतो," ती म्हणाली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती वारली. इस्क्रा स्पेनहून आली, आईला पुरलं, परत गेली. तिने आईच्या टपालासाठी माझा पत्ता दिला होता म्हणून वसंतात एक सरकारी पत्र माझ्याकडे आलं. कुठल्याशा बंदरातल्या मालवाहतूक कंपनीच्या संचालक म्हणून श्रीमती वेलिच्का यांनी चौकशीला हजर राहावं. मी मृत्यूचा दाखला पाठवला. उन्हाळ्यात तसंच दुसऱ्या एका कंपनीबद्दलचं पत्र आलं. बाई मातीखाली आहे आणि तिचं नाव अजून लोकांसाठी राबतंय.

माझ्या दवाखान्यात आता कागदाचा बारीक चुरा करणारं एक यंत्र आहे. कुणीही यावं, आपला कागद आपल्या हाताने त्यात घालावा आणि चुरा होताना उभं राहून बघावं. यंत्र नको असेल तर घरच्या शेगडीत जाळावा, काडीने ढवळावा, अक्षर उरलं नाही याची खात्री करावी. ओळखपत्राची प्रत कुणाला द्यावीच लागली, तर ती कशासाठी दिली ते तिच्यावर आडवं लिहून द्यावी. आणि कोऱ्या कागदावर सही मागणारा माणूस झग्यातला असो की सुटातला, त्याला दार दाखवावं.

अजूनही काहीजण मला रस्त्यात गाठून सांगतात, "काही म्हणा डॉक्टर, त्या आगीनंतर माझी पाठदुखी थांबली होती." थांबली असेल, मी नाही म्हणत नाही. मी त्यांना इतकंच विचारते की पाठदुखी थांबली त्या दिवसापासून तुमच्या नावाने कुठे काय चाललंय, याची चौकशी केलीत का? बहुतेकांनी केलेली नसते. ती आजच करा. तुमच्या वतीने शंका घ्यायला दुसरं कुणी येणार नाही.