परीक्षा पेटीची होती

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या कपाटावर रिकाम्या डब्यांच्या शेजारी धूळ खात बसलेली पांढरी पेटी म्हणजे मी. माझ्या पोटात गोळ्यांचे कप्पे आहेत. रोज नव्याने वेळ लावावी लागते; ती लावली की त्या वेळी मी किणकिणते आणि नेमकी तेवढीच गोळी पुढे सरकवते. म्हणून कारखान्यात माझे भाग जोडणारे कामगार मला किणकिणी म्हणत. नाव थट्टेचं होतं, पण मला आवडायचं.

मी नमुन्याची पहिली पेटी. माझं रूप आखणारा डिझायनर मोठा हौशी. समोर फिरवायची एक चकती, बस्स. बाकी काही डोळ्यांत खुपायला नको, म्हणून वेळ पक्की करायचं बटण त्याने माझ्या कुशीत, माझ्याच रंगात असं गुळगुळीत बसवलं की दिसता दिसू नये. चकती फिरवून ते दाबलं नाही, तर लावलेली वेळ पुसली जायची आणि मी मुकी राहायचे. पण सगळे म्हणाले, "काय देखणी पेटी आहे!" आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

विक्रीआधी चाचणी होती. ती घेणाऱ्या ताई कामाला चोख. पेटी वापरून बघायला कारखान्यातलं कुणीही त्यांनी बोलावलं नाही, कारण आपली माणसं आपल्याला गोडच बोलतात. एकट्या राहणाऱ्या, रोज गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसांना त्यांनी निवडलं. काम सांगताना बटणाचं नाव काढायचं नाही, असं ठरवलं. "संध्याकाळची गोळी सात वाजता मिळेल असं करा," एवढंच सांगायचं. आदल्या दिवशी रंगीत तालीमही झाली. येणाऱ्या प्रत्येकाला त्या म्हणायच्या, "परीक्षा तुमची नाही, या पेटीची आहे. चुकलं तर ती चुकली. मनात येईल ते मोठ्याने बोला."

ताईंचा माझ्यावर जीव होता, त्याला कारण होतं. त्यांचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि आता एकटेच राहायचे. गोळी चुकली की त्यांना चक्कर यायची. ताईंचा भाऊ म्हणत होता, घर विकू आणि बाबांना तुझ्याकडे आणू. बाबांना घर सोडायचं नव्हतं. गोळ्या वेळेवर गेल्या तर घर राहणार होतं, आणि ते काम माझ्यावर आलं होतं.

चाचणीला आधी एक निवृत्त शिक्षिका आल्या. चकती फिरवून थांबल्या. "आता?" म्हणाल्या. ताई नियमाप्रमाणे गप्प. मग बाईंचं बोट मला चाचपत फिरलं, आणि ते कुशीजवळ येताच ताईंच्या तोंडून हलकेच निघालं, "हं..." बोट तिथेच थांबलं आणि बटण दाबलं गेलं. "अगंबाई, जमलं की!" बाई खूश.

पुढच्या प्रत्येकाचं असंच झालं. ताई लबाड नव्हत्या. माणूस अडखळलेला त्यांना बघवायचा नाही, आणि आपण हुंकार देतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. पलीकडच्या खोलीत डिझायनर आणि कारखान्यातली माणसं बघत बसली होती, पण त्यांच्या पडद्यावर फक्त हात दिसत. तो हुंकार तिथल्यांना साधी सभ्यता वाटली. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणत डिझायनर फुशारला. पाणी कुठे मुरतंय ते मला कळत होतं, पण मला किणकिणण्यापलीकडे भाषा नाही.

अशी मी उत्तीर्ण होऊन बाबांच्या घरी गेले. ताई शेजारी बसल्या तेव्हा बाबांनी वेळ झटक्यात लावली, पण बोटाखाली बटण दबलं हे त्यांना कळलंही नाही. ताई परतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बाबा चकती फिरवत राहिले, मी मुकी राहिले. त्यांनी फोन केला.

"अहो बाबा, सोपं आहे. सगळ्यांना जमलंय," ताई म्हणाल्या. बटण बाबांना ठाऊकच आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

"सगळ्यांना?" बाबा म्हणाले, आणि पुन्हा त्यांनी त्याबद्दल फोन केला नाही.

ते माझ्यासमोर बसून पुटपुटायचे, "जन्मभर लोकांची घड्याळं लावली, आणि आता एक वेळ लावता येईना." एका सकाळी शेजाऱ्यांना ते दारात पडलेले सापडले. घर विकायच्या कागदांवर त्यांनी निमूट सह्या केल्या. "डोकंच ठिकाणावर नाही, तर घर घेऊन काय करू?" म्हणाले. ताई परतल्यावर मला त्या घरात एकदाही नीट किणकिणता आलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

आम्ही दोघं ताईंच्या स्वयंपाकघरात आलो. ताई शेजारी भाजी चिरत होत्या आणि बाबांना वेळ लावता आली! ताई वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेल्या, तर जमेना. परत आल्या, तर जमलं. पुन्हा बोट कुशीजवळ आलं आणि ताईंनी स्वतःचाच "हं" ऐकला. हातातली सुरी थांबली.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्या आवाजावर चालताय हो."

चाचणी पुन्हा झाली. नवी माणसं आली. या वेळी ताई त्यांच्या मागे बसल्या, ओठ घट्ट मिटून. कुणी विचारलं, "आता काय करू?" तर त्या म्हणत, "मी इथे नसते तर काय केलं असतं?" एकामागून एक सगळे अडले. पलीकडे डिझायनर ओरडत होता, "अहो, कुशीत बघा, कुशीत!" भिंतीआड कोण ऐकणार? संध्याकाळपर्यंत त्यालाही चूक पटली. मग त्याने ते बटण काढूनच टाकलं. नव्या पेटीत चकती थांबली की पेटी स्वतःच वेळ बोलून दाखवते आणि ती पक्की होते. वरातीमागून का होईना, घोडं आलं.

नवी पेटी घरी आली आणि मी कपाटावर गेले. ताई मुद्दाम बाहेरच्या खोलीत थांबल्या. बाबांनी एकट्याने चकती फिरवली. सातला ती किणकिणली. बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

"म्हणजे डोकं शाबूत आहे माझं," ते म्हणाले. ताई धावत आत आल्या. त्यांच्याकडे बघून बाबांनी विचारलं, "मग आता मी घरी कधी जायचं?"

त्या घरात दुसरी माणसं राहायला आली होती.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी बनवाल. ते आधी अनोळखी हातांत द्या आणि तोंड मिटून बघत राहा. समोरचा अडखळेल, तुमचा जीव कासावीस होईल, तो होऊ द्या. त्याला जमलं नाही तर दोष तुमच्या वस्तूत शोधा. आणि एवढं माझं ऐका, "सगळ्यांना जमतं" असं मात्र त्याला कधीही म्हणू नका.