वशिंडावरचे रंग

मित्रांनो, मी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं दारोदार मिरवतात तो, एक जुना लाकडी नंदी आहे. अंगाने अस्सल सागवान. पण माझं लाकूड फार थोड्यांनी पाहिलंय. मी कायम रंगांच्या आतच राहिलो.

नंदनवन वस्तीतल्या यमुताईंनी मला लेकीसाठी, भैरवीसाठी आणलं, तेव्हा शेजारच्या शोभाताई हसल्या, "पोट्टीले नंदी काहून वं?"

"महादेवाच्या नंदीले पोट्टा-पोट्टी कुठं समजते?" सोमवारचा उपास सोडता सोडता यमुताई हळूच म्हणाल्या.

त्या घरची रीत अशी, की तान्ह्या पोळ्याला नंदी नवा रंग लेऊनच निघायचा. भैरवीला शिकवणारं कोणी नव्हतं. माझी पाठच तिची पाटी झाली. आधी हळद, मग कपड्यांची नीळ, पुढे बाटलीतले रंग. जुन्यावर नवा थर. डोळे काही जमेनात. मग ती गल्लीतल्या गाईसमोर उकिडवी बसून नुसती बघत राही. ज्या पोळ्याला डोळे जमले, त्या दिवशी मलाच जग पहिल्यांदा दिसल्यासारखं वाटलं. दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळे. स्पर्धेतलं बक्षीस मात्र उंच नंद्यांना.

पुढे तिला शहराबाहेर मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. ब्रश वाळले. मी माळ्यावर गेलो. धुळीत डोळे उघडे ठेवून स्वप्नं बघायचो : हळदीचं ऊन, निळीचं आभाळ.

एकदा यमुताईंनी मला मायेने खाली काढलं. रुपराव सुतारांना म्हणाल्या, "घासून पॉलिश करून द्या भाऊ. शोभाताईच्या नातीले, रितिकाले द्यायचा आहे."

घासकागद वशिंडावर फिरू लागला. लाल गेला, हिरवा गेला. मला हंबरताही येईना. तेवढ्यात भैरवी कामावरून आली.

"थांबा ना गा काका!"

"काहून? लाकूड तं मस्त निघून राहिलं!"

ती वाकली. घासल्या जागी रंगांची वलयं उमटली होती, झाडाच्या खोडात असतात तशी. अगदी आत, लाकडाला लागून, हळद. ती त्यावर बोट फिरवत राहिली.

"आई वं, हे सारं मीच रंगवत होती?"

यमुताईंनी देव्हाऱ्यातली हळदीची वाटी तिच्यापुढे सरकवली. "मग आता काहून थांबली?"

आता भैरवीची चित्रं रामदासपेठेतल्या कलादालनाच्या भिंतींवर लागतात. प्रत्येकात कुठेतरी हळदीचं एक वलय असतं. रितिकाला नवा नंदी मिळाला. तो रंगवायला ती आमच्याकडेच येते. माझं वशिंड मात्र भैरवीने तसंच उघडं ठेवलंय.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची धूळ खुशाल पुसा. पण रंग खरवडायच्या आधी, ज्याच्या हातचा तो आहे, त्याला एकदा हाक मारा. कदाचित तो स्वतःलाच विसरून बसला असेल.