दहा नंबरची गोटी

आमच्या गॅरेजात हत्यारांची एक भिंत आहे. प्रत्येक पाना, पक्कड, हातोडी तिथे खिळ्याला टांगलेली असते आणि मागे पांढऱ्या रंगाने तिचीच आकृती काढलेली असते. हत्यार जागेवर नसलं की आकृती उघडी पडते आणि लांबूनही दिसते. नियम साधा आहे. भिंत पूर्ण भरल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, कारण हरवलेलं हत्यार बहुतेक वेळा गाडीच्याच पोटात असतं.

हा नियम मी केला, अकरा वर्षांपूर्वी. पाळलाही मीच, म्हणजे इतरांना पाळायला लावला. माझा राग नाकावर असतो आणि ते मी लपवत नाही. गेल्या वर्षी माझ्या मेहुण्याचा एक पाना सापडेना. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच ब्रेकचं काम बघतो. मी त्याला सगळ्यांसमोर असं धारेवर धरलं की तीन दिवस तो आमच्या घरी जेवायला आला नाही. पाना दुसऱ्या गाडीच्या चाकामागे पडलेला होता. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर मात्र कुणाचंच काही हरवलं नाही, आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

गॅरेजच्या मालकीणबाईंना आम्ही नुसतं बाई म्हणतो. सोमवारी त्यांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"मिस्त्री, माझ्याच्यानं आता रोज येणं होत नाही. एक तारखेपासून गॅरेज तू बघ. शुक्रवारी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगते."

"मीच का, बाई?" मी विचारलं. खरं तर मला कारण ऐकायचं होतं.

"वर्षभर बघतेय. संध्याकाळी भिंत भरलेली असते. जो एवढं सांभाळतो तो बाकीचंही सांभाळेल."

त्या दिवशी मी घरी चालत गेलो की तरंगत, ते आठवत नाही. बायकोने रात्रीच्या जेवणाआधी तिच्या दोन मावश्या आणि माझी एक आत्या, तिघींना फोन करून कळवलंसुद्धा. मी तिला गप्प राहायला सांगितलं, पण फार जोर लावून नाही.

गुरुवारी सिस्टरांची गाडी होती. या सिस्टर मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये असतात आणि बारा वर्षं आमच्याचकडे येतात. इंजिनाचा पट्टा बदलायचा होता. काम मी स्वतः केलं. साडेपाचला सिस्टर दारात हजर, सहाला ड्यूटी. मी हात पुसले, भिंतीकडे बघितलं, आणि दहा नंबरच्या गोटीची आकृती उघडी. गोटी म्हणजे नटावर बसणारी लोखंडी टोपी, अंगठ्याच्या पेराएवढी. एवढीशी वस्तू, पण हरवण्यात तिचा हात धरणारं दुसरं हत्यार नाही.

मी गाडीखाली बघितलं, बाकाखाली बघितलं, कचऱ्याच्या डब्यात हात घातला. सिस्टर घड्याळ बघत होत्या. बाई केबिनमधून बघत होत्या. आणि उद्या शुक्रवार होता.

माझ्या खिशात दहा नंबरची एक गोटी होती, माझी स्वतःची, घरची स्कूटर खोलायला ठेवलेली. मी ती काढली आणि खिळ्यावर अडकवली. भिंत भरली. "गटारात गेली असणार," असं मी मनाशी म्हणालो आणि फाटक उघडलं.

रात्री घरी मेहुणा जेवायला आला होता. तो म्हणाला, "भाऊजी, आज सिस्टरांची गाडी वेळेत गेली ना? बाई खूश दिसत होत्या." मी त्याला आमटी वाढली आणि विषय बदलला. बायकोने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. लग्नाला वीस वर्षं झाली की बायकोपुढे पोटातलं पोटात राहत नाही. तो गेल्यावर तिने विचारलं आणि मी सांगून टाकलं.

"मग गाडी परत बोलवा," ती म्हणाली.

"उद्या बाई सगळ्यांना सांगणार आहेत."

"बोलवा म्हटलं ना."

सकाळी सात वाजता मी फोन लावला. सिस्टर नुकत्याच ड्यूटीवरून सुटल्या होत्या आणि बहिणीकडे निघणार होत्या, शंभर किलोमीटर घाटाने. "सिस्टर, गाडी सुरू करू नका," मी म्हणालो. "माझं एक हत्यार आत राहिलं असेल. मी येतोय."

इस्पितळाच्या पार्किंगमध्ये मी गाडीखाली शिरलो. इंजिनाखाली प्लास्टिकचं झाकण असतं. त्याचे स्क्रू काढून ते खाली घेतलं. गोटी त्याच्या कडेला अडकून बसली होती, नव्या पट्ट्यापासून चार बोटांवर. घाटातल्या एखाद्या खड्ड्यात ती उसळली असती तर पट्टा तुटला असता आणि उतारावर गाडी बंद पडली असती. मी ती मुठीत धरून तसाच पाठीवर पडून राहिलो. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

बाहेर येऊन मी सिस्टरांना सगळं सांगितलं, खिशातल्या गोटीसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"आमच्याकडे पोट शिवण्याआधी सगळं मोजतात," त्या म्हणाल्या. "कापसाचा एक बोळा कमी भरला तरी डॉक्टर टाका घालत नाहीत. कितीही मोठे डॉक्टर असोत."

"आणि मी टाके घातले."

"हो. पण फोनही केलात." त्यांनी किल्ली घेतली. "मोजणी कोण करतं माहीत आहे? सगळ्यात ज्युनिअर नर्स. तिला डॉक्टरांची भीती वाटली तर मोजणी काही कामाची नाही."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी गॅरेजात आलो.

चहाच्या वेळी सगळे जमले. मेहुणा, वेल्डर, बॅटरी आणि वायरिंग बघणारा आमचा इलेक्ट्रिशियन, आणि रंगकाम करणारी ताई. बाई बोलायला उठल्या तसा मी म्हणालो, "बाई, आधी मला सांगायचंय." आणि सांगितलं, काहीही न वगळता. शेवटी म्हणालो, "दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. तेव्हा गॅरेज दुसऱ्या कुणाला द्या."

वेल्डरने खिशात हात घातला आणि एक गोटी टेबलावर ठेवली. दहा नंबरची.

"ही काय?" मी विचारलं.

"माझी जादाची," तो चहात बघत म्हणाला. "हरवली की ही लावतो. मग रात्रभर देवाचं नाव घेतो."

इलेक्ट्रिशियनने दोन ठेवल्या आणि एक छोटा पाना. ताईने डब्यातून पक्कड काढली. मेहुण्याच्या खिशातून तर अख्खा संच निघाला, कापडात नीट गुंडाळलेला.

"तुझ्याकडेही?" मी म्हणालो.

"सगळ्यात आधी माझ्याकडेच, भाऊजी," तो म्हणाला. "गेल्या वर्षीपासून. तुम्हाला सांगण्यापेक्षा हे सोपं होतं."

म्हणजे वर्षभर बाई जी भरलेली भिंत बघत होत्या ती माझ्या शिस्तीने नाही, माझ्या धाकाने भरलेली होती. मी टेबलावरच्या त्या ढिगाकडे बघितलं आणि मला, कसं सांगू, हसू आलं. आधी मला, मग ताईला, मग सगळ्यांना. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"एक तारखेचं सध्या राहू दे," त्या म्हणाल्या. "महिनाभर मी येते. हे सगळं माझ्या कपाटात ठेवा आणि वर्षभरातल्या गाड्यांची यादी काढा. ज्यांच्यात काही राहिलं असेल त्या सगळ्या बोलवा."

आम्ही एकोणीस गाड्या बोलवल्या. तीन गाड्यांत हत्यारं सापडली, नशिबाने निरुपद्रवी जागी. सोळा मालकांनी समजून घेतलं, दोघांनी भरपूर सुनावलं, आणि एकाला काय झालं ते अजून कळलेलं नाही, तो गाडी धुऊन मिळाली म्हणून खूश होऊन गेला. बायकोने मावश्यांना पुन्हा फोन केले. ते तिला जास्त जड गेलं.

महिन्याचे शेवटचे दिवस. संध्याकाळी एक टेम्पोवाला घाईत उभा होता, गाडीत माल भरलेला, दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. मेहुणा माझ्याकडे आला. हात पुसत पुसत, सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "भाऊजी, बारा नंबरचा पाना माझ्याकडून हरवला. सापडत नाहीये. गाडी सोडता येणार नाही."

माझ्या तोंडाशी जुनं सगळं आलं होतं. नाही कसं म्हणू. पण अकरा वर्षांत हे वाक्य घेऊन माझ्याकडे कुणी आपणहून आलं नव्हतं.

"बरं झालं सांगितलंस," मी म्हणालो. "चल, मी डावीकडून बघतो, तू उजवीकडून."

टेम्पोवाल्याला जाऊन मीच सांगितलं की अजून वेळ लागेल. तो चिडला. चिडू दिलं. आम्ही दोघं गाडीखाली सरकलो तेव्हा बाई केबिनमधून पर्स घेऊन निघाल्या होत्या. टेम्पोशेजारी त्यांची पावलं थांबली. आम्हाला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

"मिस्त्री," चपलांच्या वरून आवाज आला, "सोमवारपासून मी येत नाही. तू बघ."

"हो बाई," मी म्हणालो, आणि मेहुण्याला टॉर्च जरा इकडे धरायला सांगितली.