घामाएवढा साबण

आमच्या साबणाच्या कारखान्यात रोज बारा वड्या कमी भरत होत्या. साहेब म्हणाले, "बाई, फाटक तुमचं. शनिवारपर्यंत चोर द्या, नाहीतर रविवारपासून घरी बसा." घरी बसा म्हणे! माझ्या पगारावर तीन तोंडं जेवतात, ती काय साबण खाणार होती?

मी डोकं लढवलं. गोदामातला पोत्यांचा वजनकाटा ओढत फाटकावर आणला. येताना पिशवीसकट वजन, जाताना पिशवीसकट वजन. वाढलं की पकडला!

सोमवारी नुसती जत्रा. साचेवाली काट्यावर चढेना. म्हणाली, लग्नानंतर आकडा नवऱ्यालासुद्धा सांगितला नाही. हिशेबनीस श्वास कोंडून उभा, जणू तेवढ्याने ढेरी हलकी होणार होती. साहेबांचे सासरे मात्र आपण होऊन चढले. कारखाना मुळात त्यांचाच. तो जावयाच्या हाती देऊन ते आता हौसेने कढईपाशी उभे राहत. हसत म्हणाले, "लिही पोरी, नियम तो नियम."

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी एकाचंही वजन वाढत नव्हतं आणि बारा वड्या रोज जातच होत्या. मला रडू फुटायचं बाकी होतं.

त्या रात्री वही घेऊन बसले. साचेवाली सकाळपेक्षा अर्धा किलो कमी, हिशेबनीस पाव किलो कमी, भट्टीवाला तर सव्वा किलो कमी. बरोबरच आहे, दिवसभर राबलेला माणूस घाम गाळून हलकाच होणार. सासऱ्यांचा आकडा तेवढा सकाळ-संध्याकाळ तोच. पाचही दिवस! उकळत्या कढईपाशी उभं राहून?

शनिवारी सुटीच्या वेळी मी साहेबांना फाटकावर बोलावलं. तोंड माझंच, ते कुठलं थांबतंय! "बाबा, पिशवी दाखवा."

बारा वड्या निघाल्या. साहेबांचा चेहरा पाहवेना.

"निघताना आतल्या दुसऱ्या काट्यावर चढायचो," सासरे म्हणाले. "जेवढा घाम गाळला, तेवढाच साबण घेतला, जावईबापू. एक ग्रॅम जास्त नाही. माझ्या काळी सुटी झाली की प्रत्येकाच्या हातावर एक वडी ठेवायचो. तुम्ही ते बंद केलंत. मग मी बाहेर रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून वाटायला लागलो."

मागे बारा माणसं खाली मान घालून उभी होती. साचेवालीला हसू आवरेना, मग भट्टीवाल्याला, मग सगळ्यांनाच.

"अहो बाबा, मला सांगायचंत तरी!" साहेब म्हणाले.

"आपल्याच कारखान्यात मागायची लाज वाटली हो."

 साहेबांनी पिशवी माझ्या हातात दिली. "बाई, आजपासून फाटकावर तुम्ही वाटायच्या. चोरीच राहणार नाही."

"आधी माझी नोकरी राहिली म्हणा. मोठ्याने!"

ते मोठ्याने म्हणाले. मला नाचावंसं वाटलं. एकेकाच्या हातावर वडी ठेवत गेले आणि पिशवी रिकामी झाली, तसा माझा पारा चढला.

"बाबा, इतके दिवस सगळ्यांना वाटल्यात. मी इथे दिवसभर उन्हात उभी, मला एक नाही?"

सासरे ओशाळले. "तुला दिली असती, तर जावयापुढे तुला खोटं बोलावं लागलं असतं, पोरी."