चार कागदांतून उरलेली जागा

मंगळवारी दुपारी आईने बैठकीच्या खोलीची मोठी खिडकी कागदांनी झाकून टाकली आणि लेकीच्या पुस्तकावर अंधार पडला.

"आई, उजेड अडतोय."

"पुस्तक कुठे पळून चाललंय का तुझं? दहा मिनिटं दम धर. मला मागून उजेड हवाय."

काचेवर एका शहराचा छापील नकाशा चिकटवलेला होता आणि त्यावर एकावर एक चार ट्रेसिंग पेपर. समुद्रकाठच्या त्या शहराला पुढच्या आठवड्यात मायलेकी जाणार होत्या. प्रत्येक कागदावर एकेक बंदी होती. पहिल्यावर विमानतळाभोवतीचा मोठा गोल, दुसऱ्यावर नौदलाची हद्द, तिसऱ्यावर इस्पितळं, तुरुंग आणि तेलाच्या टाक्या, चौथ्यावर पक्ष्यांच्या विणीच्या जागा आणि गर्दीचे किनारे. बंदीचा भाग आईने पेन्सिलीच्या बारीक तिरक्या रेघांनी भरून काढला होता. एक रेघ दुसरीपेक्षा केसभरही जवळ नाही की लांब नाही.

आई छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होती. इंजिनिअरांच्या डोक्यातली धरणं, पूल, धक्के कागदावर मापात उतरवायचं काम. कार्यालयात चौदा पुरुष आणि ही एक बाई, पण पदाचं नाव तिच्यासाठी कुणी बदललं नाही आणि तिनेही मागितलं नाही. एकाहत्तराव्या वर्षी तिने ड्रोन घेतला. त्याचं नाव ठेवलं भुंगा. रीतसर नोंदणी केली, उडवण्याची परीक्षा दिली, पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि प्रमाणपत्र फ्रिजच्या दारावर लावलं. लेकीच्या दोन पदव्या कपाटात होत्या.

"इतका खटाटोप कशाला?" लेक म्हणाली. "किनाऱ्यावर उभं राहायचं आणि उडवायचं. कोण बघतंय?"

"कोण बघतंय म्हणजे? मी बघतेय ना."

आईला त्या शहरातलं दुसरं काही बघायचं नव्हतं. तिथल्या बंदराला लाटांपासून आडोसा देणारी एक दगडी भिंत समुद्रात गेलेली आहे, दीड किलोमीटर लांब. तिचे नकाशे आईने काढले होते. पुढे एकदा, लेक सात वर्षांची असताना, ती भिंत बघायला दोघी गेल्या होत्या. काठावरून दिसली ती दगडांची एक काळी रांग. लेकीला तेव्हा फक्त कंटाळा आला होता.

"आयुष्यभर मी सगळं वरून काढलं," आई पेन्सिलीचं टोक डोळ्यांसमोर धरून म्हणाली. "आणि वरून एकदाही पाहिलं नाही. कावळ्यांना रोज दिसतं, मला नाही." मग ती दोन पावलं मागे सरली. "हं. निघाली बघ जागा."

"छान," लेक पानावरची नजर न काढता म्हणाली. ती ग्रंथालयात नोकरीला होती, आणि सुट्टीच्या दिवशीही तिथेच असल्यासारखी वागायची. "ठिपका देऊन ठेव त्यावर."

"ठिपका कशाला, विदुषी? चार कागद नीट लावले की ती आपली आपण दिसते. न दिसायला आपण काय इंजिनिअर आहोत?"

स्वतःच्याच विनोदावर आई मनसोक्त हसली. मग तिने कागद उतरवले, गुंडाळी केली, दोघींनी चहा घेतला, गच्चीवरचे कपडे काढले. पाहायला गेलं तर त्या दिवशी काहीच घडलं नाही.

बुधवारी सकाळी आई उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसेल. असं ते सगळ्यांनाच सांगत असावेत, पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून लेकीला ते खरं वाटलं.

महिन्याभराने मावशी घर आवरायला आली. साड्या वाटल्या, औषधं परत केली. मग टेबलावरच्या, भुंग्याच्या करड्या पेटीला बोट लावून म्हणाली, "आणि या खेळण्याचं काय करायचं गं? शेजारच्यांना देऊन टाकायचं?"

"ते खेळणं नाही," लेक म्हणाली. तिचा आवाज इतका करडा निघाला की मावशीने बोट मागे घेतलं.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात तिने ठरवलं. भुंगा स्वतःच्या नावावर करून घेतला. परीक्षा दिली आणि नापास झाली. चाळीस वर्षं जी बाई हाती लागेल ते वाचत आली, ती हवेच्या थरांवरच्या आणि बॅटऱ्यांवरच्या प्रश्नांत आपटली. तिला राग यायला हवा होता. आला तो अभिमान. या असल्या प्रश्नांत आई पैकीच्या पैकी! दुसऱ्या खेपेला ती जेमतेम पास झाली. मग रोज सकाळी गावाबाहेरच्या माळावर जाऊन शिकली. पहिले चार दिवस भुंगा झाडात, पुढे हवेत.

त्या शहरात पोचल्यावर तिने आधी पोलीस ठाण्यात जाऊन कळवलं, पोच घेतली. लॉजच्या खोलीत खिडकी हातरुमालाएवढी होती, म्हणून दाराच्या काचेवर नकाशा चिकटवला आणि चारही कागद त्यावर लावले. प्रत्येक कागदाच्या चार कोपऱ्यांत आईने बारीक फुल्या काढलेल्या होत्या. फुलीवर फुली बसली की झालं. बसल्या. आणि आई म्हणाली होती तशी जागा आपली आपण दिसली. दीपगृहाच्या पलीकडे, समुद्राला लागून एक उतार. एकाही रेघेने न झाकलेला.

ती गेली, उताराच्या टोकाला उभी राहिली आणि पेटी उघडली. तोच मागून शिट्टी वाजली. गणवेशातला एक पहारेकरी लगबगीने येत होता.

"मॅडम, काय काढताय?"

"ड्रोन. इथे परवानगी आहे."

"आधी आत ठेवा. मग बोला."

तिने पेटी मिटली आणि कागद पुढे केले. त्याने चष्मा चढवला, कागद न्याहाळले.

"ही मागची भिंत नौदलाची. तुमच्या कागदात आम्ही कुठे आहोत?"

तिने बोट ठेवलं.

"हा तर समुद्र आहे, आणि ही त्या टोकाची टेकडी."

"नौदल समुद्रातच असतं ना?"

"जहाजं असतात हो समुद्रात. आम्ही जेवायला-झोपायला जमिनीवर येतो." त्याला हसू आवरेना. "चुकलाय तुमचा नकाशा."

आई चुकली. दोन महिन्यांत किती जण येऊन काय काय बोलून गेले होते, ते सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं होतं. हे एक वाक्य मात्र सोसेना. आईचा हात शेवटी शेवटी थकला असेल, नजर गेली असेल, आणि आपण समोर पुस्तक धरून 'छान' म्हणालो असू.

"आणि ही लिपी कुठली?" पहारेकऱ्याने दुसऱ्या कागदाचा कोपरा नाकाशी नेला, मग कागद उन्हात धरला, मग उलटा केला. "अहो मॅडम! पालथा लावलाय तुम्ही हा."

ट्रेसिंग पेपर दोन्हीकडून सारखाच दिसतो. फुल्याही दोन्हीकडून जुळतात. जुळत नाही ते फक्त अक्षर, आणि ते लेकीने चिकटपट्टीखाली दाबून टाकलं होतं. आता ते उन्हात सुलटं, काळंभोर उमटलं होतं: 'नौदल हद्द. आत येऊ नये.' तिने कागद उलटवून नकाशावर ठेवला. रेघांनी भरलेला भाग सरळ येऊन त्या मागच्या भिंतीवर बसला. कोपऱ्याला कोपरा.

लेकीला हसू फुटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच, आणि थांबेना. पहारेकरी जरा घाबरलाच.

"अक्षर काय आहे पण!" तो म्हणाला. "छापल्यासारखं. कुणी काढलंय?"

"घरातल्याच एकांनी," ती म्हणाली. मग तिने कागद घाईने आवरले.

तो कागद सुलटा लावल्यावर उरलेली जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला निघाली. टेकडीच्या माथ्यावर एक सपाट चौकोन. रिक्षातून उतरून पाहते तर ते गाडी शिकवण्याच्या शाळेचं मैदान. लाल शंकूंच्या रांगांमधून एक घामाघूम गृहस्थ गाडी मागे घेत होते आणि गळ्यात शिट्टी अडकवलेली, पन्नाशीची एक बाई त्यांच्यावर ओरडत होती, "आरशात बघा, आरशात! माझ्याकडे बघून गाडी मागे जात नाही!"

लेकीने काय हवंय ते सांगितलं. मास्तरीणबाईंनी नोंदणीचा कागद, प्रमाणपत्र, पोलिसांची पोच, तिन्ही नीट वाचलं. ट्रेसिंग पेपर तर दोनदा पाहिले.

"हे एवढं सगळं, फक्त कुठून उडवायचं ते बघायला?"

"हो."

"लोक येतात, उडवतात आणि पळतात. गेल्या वर्षी एकाचा येऊन माझ्या छपरावर पडला, तो न्यायलासुद्धा आला नाही." त्यांनी कागदांची घडी जशीच्या तशी घालून परत दिली. "जेवणाच्या सुट्टीत उडवा. आत्ता उडवलात तर माझे शिकाऊ वर बघत बसतील आणि गाडी शंकूवर घालतील."

"माणसांच्या डोक्यावरून न्यायचाच नाही, असा नियम आहे."

"बसा, ताई," मास्तरीणबाई एकदम मवाळ झाल्या. "नियम तोंडपाठ असलेलं माणूस मला वर्षातून एकदा भेटतं."

रहदारीच्या चिन्हांचे तक्ते लावलेल्या त्या खोलीत लेक तासभर बसली. पुस्तक पिशवीत होतं, ते काढावंसं वाटलं नाही. तिला आईची एक गोष्ट आठवत होती. आई ती वर्षातून तीनदा सांगायची आणि ती अर्धीच ऐकायची. भिंतीचा नकाशा अकरा शीटवर होता. एकीची कड संपली की दुसरीवर रेघ पुढे जायची. सातवी शीट काढताना आईच्या लक्षात आलं की रेघ सहावीवरच्या रेघेला मिळत नाहीये. कागदावर फरक बोटभराचा, समुद्रात आठ मीटर. साहेब म्हणाले, जरा ओढून घ्या, बोटभर तर आहे. आईने पेन टोपणात घातलं. म्हणाली, शिसपेन्सिलीने हवं तर ओढते, शाई लावणार नाही. चार दिवस काम अडलं. पाचव्या दिवशी पुन्हा मोजणी झाली आणि समुद्रातली खूण चुकीच्या जागी रोवलेली सापडली. साहेबांनी तसं लेखी काही दिलं नाही. शाई मात्र मग आईनेच लावली.

ती गोष्ट आज लेकीने पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली, असंच म्हणायचं.

एक वाजता गाड्या थांबल्या. शिकाऊ मंडळी डबे घेऊन छपराखाली बसली. लेकीने मैदानाच्या मधोमध भुंगा ठेवला आणि तो गुणगुणत सरळ वर गेला. पुढे कुठे न्यायचाच नव्हता, नुसता उंच जायचा होता. परवानगीच्या उंचीला पोचला तशी तिने कॅमेऱ्याची मान समुद्राकडे वळवली.

आणि पडद्यावर ती भिंत होती. अख्खी. काठावरून दिसणारी दगडांची रांग नव्हे, एका दमात ओढलेली रेघ. किनाऱ्यापासून निघून सरळ गेलेली, मग मध्यावर अगदी हळू वळलेली, कुठेही न तुटता. बाहेरच्या बाजूला पांढऱ्या लाटा आपटत होत्या. आत पाणी काचेसारखं होतं आणि त्यावर लहानमोठ्या शंभर-दीडशे नावा निवांत उभ्या होत्या. पडद्यावर ती थोडी तिरकी दिसत होती, म्हणून लेकीने स्वतःची मान कलती केली. आता बरोबर. बॅटरी अर्ध्यावर येईस्तोवर ती तशीच पाहत राहिली.

"आम्हाला तरी दाखवा की," मास्तरीणबाई तिच्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे डबा हातात घेतलेले ते गाडी मागे घेणारे गृहस्थही आले. दोघांनी डोळ्यांवर हाताची सावली करून पडद्यात पाहिलं.

"बाई गं!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "जन्म इथे गेला माझा. हिला वळण आहे हे आज कळलं."

"कुणाचं काम आहे हो हे?" गृहस्थांनी विचारलं.

शाळेत बाई विचारायच्या, तुझी आई काय करते? लेक सांगायची, ऑफिसात असते. मैत्रिणींच्या आया डॉक्टर, प्राध्यापक होत्या. दुसऱ्यांच्या रेघा गिरवणारी आई सांगण्यासारखी वाटत नसे. पुढे मोठी झाली, शंभर पुस्तकं वाचून शहाणी झाली, तरी उत्तर तेच राहिलं. आईसमोरही. आईने ते ऐकलं असणार. कधी दुरुस्त केलं नाही.

पडद्यावर ऊन येत होतं. लेकीने तो दोघांना नीट दिसेल असा धरला.

"माझ्या आईचं," ती म्हणाली. आवाज फुटला, तरी ती थांबली नाही. "ही भिंत माझ्या आईनं काढली. ड्राफ्ट्समन होती ती. तिच्या हातची रेघ कधी चुकायची नाही. मला तिचा फार अभिमान आहे."